लस की लागण?

3 फेब्रुवारी 2025, सोमवार

शिरूर तालुक्यातल्या एका लेअर फार्मचे सीरम सकाळी आले. पेटीतला बर्फ अर्धा वितळला होता, पण नळ्यांवरचे नंबर शाबूत होते. सोबत मालकाच्या हातची चिठ्ठी: अंडी घटली आहेत, पक्ष्यांना सर्दी आहे, मरतूक फारशी नाही, बर्ड फ्लू आहे का ते कळवावे. दुपारपर्यंत एलायझा झाली. तीस नळ्या, तीसही पॉझिटिव्ह.

मालकांना फोन केला. लशी कोणकोणत्या दिल्या, विचारलं. ‘राणीखेत दिली, गंबोरो दिली, आयबी दिली.’ मग जरा आठवून, ‘ती एच-9 चीपण दिलीय, मॅडम. तलंगा असतानाच.’

‘कधी? कुठल्या कंपनीची, बॅच नंबर काय?’

‘दिवाळीच्या आसपास असेल. वहीत बघून सांगतो. पण मग हे लशीचं दिसतंय की रोग आलाय?’

विचारायचा प्रश्न तोच होता, आणि आजच्या चाचणीत त्याचं उत्तर नव्हतं. आमची एलायझा विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओप्रोटीनविरुद्धची प्रतिपिंडं पकडते. हे प्रथिन इन्फ्लुएंझा ए गटातल्या सगळ्या विषाणूंमध्ये जवळपास सारखंच असतं. बाहेरचं कवच एच-5 चं असो, एच-7 चं असो की एच-9 चं, आत तेच. आणि एच-9 ची लस म्हणजे अख्खा विषाणू, निष्क्रिय करून तेलात मिसळलेला. त्यात आतलं-बाहेरचं सगळंच आलं. कोंबडीच्या शरीरानं ते ओळखलं आणि प्रतिपिंडं तयार केली. लस टोचलेल्या कोंबडीचं रक्त आणि विषाणू भेटून गेलेल्या कोंबडीचं रक्त, दोन्ही या चाचणीसमोर एकच साक्ष देतात.

4 फेब्रुवारी

आज एचआय चाचणी लावली, प्रतिपिंडं नेमकी कोणत्या एच विरुद्धची आहेत ते दाखवणारी. इतकी वर्षं हे काम करते आहे, तरी ही प्लेट वाचताना मन एकाग्र होतं.

प्लेटला छोटे, तळाशी निमुळते खळगे असतात. प्रत्येक ओळीत एका पक्ष्याचं सीरम, दर खळग्यात निम्मं-निम्मं पातळ होत गेलेलं. त्यात मोजून घातलेला विषाणू, चार युनिट. अर्धा तास थांबायचं. मग कोंबडीच्या तांबड्या पेशींचा एक टक्का द्राव घालायचा आणि पुन्हा पाऊण तास हात लावायचा नाही. विषाणू मोकळा असेल तर तो पेशींना एकमेकींत गुंतवतो आणि खळगाभर गुलाबी धुकं पसरतं. सीरममध्ये त्या विषाणूची प्रतिपिंडं असतील तर विषाणू बांधला जातो, पेशी सुट्या राहतात, तळाशी जमून घट्ट लाल ठिपका होतो. प्लेट तिरकी धरली की तो ठिपका ओघळतो. शेवटचा ओघळ ज्या खळग्यात, तो टायटर. 1:16 आणि त्यापुढे पॉझिटिव्ह धरायचं.

एच-5 च्या अँटिजेनवर सगळ्या ओळी धुकट. ठिपका एकही नाही. एच-9 वर मात्र ओळीच्या ओळी लाल ठिपके, बहुतेक 1:256 आणि 1:512 वर थांबलेले, आणि चार-पाच पक्षी एकदम 1:2048 च्या पुढे.

चांगली लस चांगल्या हातानं टोचली की सगळ्या कळपाचे टायटर एका रांगेत येतात. काही पक्षी उसळी मारून वर गेले की लशीनंतर विषाणू येऊन गेल्याचा संशय घ्यायचा. पण हा संशयच. पुरावा नव्हे. लशीचा दुसरा डोस मागंपुढं झाला तरी असंच दिसतं. मालकांना सांगितलं: मोठा, म्हणजे एच-5 चा बर्ड फ्लू दिसत नाही, पण घशाचे आणि विष्ठेच्या मार्गाचे स्वॅब लगेच पाठवा. आजारी पक्ष्यांचे आणि आज-उद्या मेलेल्यांचे आधी.

आत्ताच्या घडीला भारतात एच-5 चं काम त्या मानानं सरळ आहे. त्याच्यावर लस द्यायला परवानगी नाही. लेअर किंवा ब्रॉयलर कोंबडी एच-5 एन-1 नं दोन-तीन दिवसांत मरते आणि प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा तरी लागतो. म्हणजे कोंबडीच्या रक्तात एच-5 ची प्रतिपिंडं सापडली, तर ती कुठून आली याला जवळपास एकच उत्तर उरतं: चोरून दिलेली लस. ज्या दिवशी एच-5 ची लस येईल त्या दिवशी हा सरळपणा संपेल. त्याची तयारी आधी व्हायला हवी, हे मी बैठकीत सांगते, अर्जात लिहिते, आता इथंही लिहिते.

9 फेब्रुवारी, रविवार

घरीच. दिवसभर इटलीचं वाचन.

1999 च्या मार्चपासून उत्तर इटलीत टर्की आणि कोंबड्यांमध्ये एच-7 एन-1 चा सौम्य विषाणू फिरत होता. डिसेंबरात तो उलटला, घातक झाला. एप्रिल 2000 पर्यंत 413 ठिकाणी प्रादुर्भाव, 1 कोटी 30 लाखांहून अधिक पक्षी मेले किंवा मारावे लागले. त्याच वर्षी सौम्य विषाणूनं पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा पादुआजवळच्या पशुरोग संस्थेतल्या इलारिया कापुआ, स्टेफानो मारांगॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लस द्यायचं ठरवलं. पण कोणती? त्यांनी जाणूनबुजून एच-7 एन-3 निवडली, पाकिस्तानात 1995 मध्ये कोंबडीत सापडलेल्या विषाणूपासून केलेली.

सगळी हुशारी या निवडीत आहे. कोंबडीचं रक्षण मुख्यतः विषाणूच्या बाहेरच्या एच प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी होतं. ते दोन्हीकडं 7 च, त्यामुळं लस काम करणार. एन, म्हणजे बाहेरचं दुसरं प्रथिन, मात्र वेगळं. लस टोचलेल्या टर्कीच्या रक्तात एन-3 ची प्रतिपिंडं असतील, एन-1 ची नसतील. एन-1 सापडला म्हणजे बाहेरचा विषाणू आत शिरला. ते ओळखायला त्यांनी कीटकांच्या पेशींमध्ये एन-1 तयार करून घेतला, त्या पेशी काचपट्टीवर बसवल्या, वर टर्कीचं सीरम घातलं आणि चमकणारा रंग जोडला. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक दिसली की लागण. जोडीला प्रत्येक कळपात लस न दिलेले काही पक्षी ठेवले होतेच. या पद्धतीवर भरवसा बसला म्हणून 2001 च्या अखेरीस लस दिलेल्या टर्कीचं मांस युरोपातल्या इतर देशांत जायला वाट मोकळी झाली.

पुढचं आणखी महत्त्वाचं. ऑक्टोबर 2002 मध्ये इटलीत नवा विषाणू आला, तो नेमका एच-7 एन-3. म्हणजे जो एन खूण म्हणून वापरला तोच आता बाहेर फिरू लागला. त्यांनी लस उलटी केली: एच-7 एन-1 टोचायची आणि एन-3 शोधायचा. हे जमलं, कारण कोणता विषाणू फिरतोय ते त्यांना वेळीच कळत होतं.

आपल्याकडं हे जमेल? जानेवारी 2021 मध्ये देशात एच-5 एन-1 आणि एच-5 एन-8 दोन्ही एकाच वेळी होते. एच-9 एन-2 तर कळपांत घर करून बसलेला, आणि त्याची लसही एन-2 चीच. म्हणजे खूण म्हणून एन-2 बाद, कारण तो दोन्ही वाटांनी रक्तात येतो. एन-1 शोधायचा ठरवला तर एन-8 निसटेल. दोन्ही शोधायचे तर दोन चाचण्या, दोन्हींचं प्रमाणीकरण, दुप्पट खर्च. इटलीची पद्धत मला मनापासून आवडते, पण ती जशीच्या तशी इथं लावता येणार नाही.

13 फेब्रुवारी

शिरूरचे स्वॅब झाले. पीसीआरमध्ये एच-5 नाही. काही स्वॅबमध्ये एच-9 आहे.

म्हणजे दोन्ही. लसही लागू पडली होती आणि विषाणूही आला होता. लशीनं मरतूक रोखली, सर्दी हलकी केली, पण विषाणू पक्ष्यांच्या घशात वाढत होता आणि बाहेर पडत होता. हे रक्तानं सांगितलं नाही, स्वॅबनं सांगितलं. मालकांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, ‘मग लस वाया गेली म्हणायची.’ तसं नाही, हे समजावायला बराच वेळ लागला. लस दिली नसती तर अंडी आणखी घटली असती. पण लस दिली म्हणून शेडचं दार उघडं टाकून चालत नाही. अंड्यांचे ट्रे परत येतात ते धुतले जातात का, गाडीची चाकं फवारली जातात का, सगळं विचारलं. वही अजून सापडलेली नाही.

18 फेब्रुवारी, नवापूर

2006 मध्ये आजच्याच तारखेला देशातला पहिला एच-5 एन-1 इथं जाहीर झाला. कामासाठी आले होते, ते आटोपल्यावर एका जुन्या पोल्ट्रीवाल्या काकांकडं गेले. त्यांनी आधी बूट धुण्याचा टब दाखवला, मग चहा विचारला. त्यांच्या शेडच्या दारात चुन्याचा पट्टा आखलेला, ताजा.

‘तेव्हा खड्डे खणले ते तिकडं,’ त्यांनी बोट दाखवलं. आता तिथं बाभळी आहेत. पांढऱ्या पोशाखातली माणसं, पोत्यांत भरलेल्या कोंबड्या, बाहेर थांबवलेल्या गाड्या, शेजारच्या उच्छलपर्यंत पसरलेली धास्ती, हे सगळं त्यांनी सलग सांगितलं. नंतर बराच काळ अंड्याला गिऱ्हाईक नव्हतं. रोग न झालेल्या शेडमधलेसुद्धा पक्षी गेले, हे त्यांना आजही सलतं.

मग म्हणाले, ‘डॉक्टर, राणीखेतची टोचतो, गंबोरोची टोचतो, देवीची टोचतो. मग बर्ड फ्लूचीच का नाही?’

मी सांगितलं ते असं. राणीखेतची लस दिलेल्या शेडमध्ये राणीखेतचा विषाणू थोडा फिरला तर ते तुमचं नुकसान. एच-5 फिरला तर तो माणसापर्यंत जाऊ शकतो. डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं गेले, गेल्या महिन्यात उदगीरला कावळे मेले. आज तुमच्या शेडमध्ये विषाणू शिरला तर कोंबड्या मरतात आणि दोन दिवसांत सगळ्यांना कळतं. लस दिली आणि तरी विषाणू शिरला, तर कोंबड्या उभ्या राहतील, दाणा खातील, अंडी देतील आणि विषाणू पसरवतील. ते ओळखायची सोय आधी हवी.

‘मग करा ना सोय,’ काका म्हणाले. ‘आम्ही नको म्हणतो का?’

यावर मला काही बोलता आलं नाही. त्यांचं म्हणणं रास्त आहे. सोय नाही म्हणून लस नाही, आणि लस नाही म्हणून सोय करायची निकड नाही, असं हे चाललंय. पोल्ट्रीवाला मध्ये भरडला जातो.

21 फेब्रुवारी

लस न दिलेले पहारेकरी पक्षी, यावर दिवसभर चर्चा. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सोपी पद्धत. कळपात काही पक्षी बिनलशीचे ठेवायचे, पायात रंगीत कडी घालायची, ठरावीक दिवसांनी त्यांचंच रक्त आणि स्वॅब घ्यायचे. विषाणू आला तर त्यांना आधी लागतो. एच-5 असेल तर ते मरतात, एच-9 असेल तर रक्तात दिसतो. हाँगकाँगनं 2003 पासून सगळ्या कोंबड्यांना लस दिली, तेव्हा प्रत्येक कळपात असे पक्षी सक्तीचे केले.

किती ठेवायचे? शेडमधल्या दहा टक्के पक्ष्यांना लागण असेल तर ती 95 टक्के खात्रीनं पकडायला तीस नमुने पुरतात. पाच टक्क्यांवर पकडायची तर साठ लागतात.

कागदावर हे सोपं. प्रत्यक्षात कडी निघते. कामगार बदलतात. लस टोचणारी टोळी अंधारात, घाईत हात चालवते, कडीचा पक्षी हाती आला तर त्यालाही टोचून मोकळी होते. पिंजऱ्यातले लेअर एका जागी राहतात, पहारेकरी एकाच कोपऱ्यात ठेवले तर दुसऱ्या टोकाचा विषाणू त्यांना उशिरा भेटतो. म्हणून शेडभर विखरून ठेवायचे, पाय आणि पंख दोन्हींवर खूण करायची. शिवाय मालकाला पटवायचं की हे पक्षी मुद्दाम उघडे ठेवलेत.

27 फेब्रुवारी

एका तरुण सहकाऱ्यानं एनएस-1 वरचे लेख आणले. कल्पना देखणी आहे. हे प्रथिन विषाणू पेशीत वाढताना तयार होतं, विषाणूच्या कणात भरलं जात नाही. म्हणून शुद्ध केलेल्या निष्क्रिय लशीत ते नसावं, आणि रक्तात त्याची प्रतिपिंडं दिसली तर लागणच. अडचण अशी की लस दिलेल्या पक्ष्यात विषाणू कमी वाढतो, त्यामुळं एनएस-1 ची प्रतिपिंडंही क्षीण होतात, काहींत होतच नाहीत. जिथं चाचणीची सर्वांत जास्त गरज, तिथंच ती डोळे मिटते. त्याला वाईट वाटलं. मी म्हटलं, सोडू नकोस, पण एकटीवर भिस्त ठेवू नकोस.

8 मार्च

फ्रान्सचं वाचत होते. 2021-22 च्या हंगामात तिथं 1,378 फार्मवर बर्ड फ्लू. ऑक्टोबर 2023 पासून 250 पेक्षा जास्त बदकं असलेल्या फार्मना लस सक्तीची झाली. त्या हंगामात प्रादुर्भाव 10. अर्थात सगळं श्रेय लशीला देता येत नाही, त्या वर्षी युरोपभर विषाणूचा जोरही कमी होता.

मला महत्त्वाचं वाटलं ते लशीचं स्वरूप. सुरुवातीच्या लशीत विषाणूचं फक्त एच प्रथिन आहे, कीटकांच्या पेशींत बनवलेलं. आत न्यूक्लिओप्रोटीन नाहीच. मग आमच्याकडची साधी, स्वस्त एलायझा, जी शिरूरच्या तीस नळ्यांसमोर आंधळी ठरली, तिथं अचूक ठरते: न्यूक्लिओप्रोटीनची प्रतिपिंडं सापडली म्हणजे लागण. चाचणी बदलली नाही. लस विचार करून निवडली. कोंबडीत चालणाऱ्या, हर्पिस किंवा देवीच्या विषाणूवर एच-5 चं जनुक बसवलेल्या लशींनाही हाच नियम लागू.

पण इथं आपलं दुखणं वेगळं आहे. आपल्या कळपांना एच-9 ची अख्ख्या विषाणूची लस दिली, की न्यूक्लिओप्रोटीनची प्रतिपिंडं सगळीकडं होणार. मग उद्या एच-5 ची कितीही नेटकी लस आणली तरी ही एलायझा तिच्यासाठी निकामी. आजच्या एका लशीनं उद्याच्या दुसऱ्या लशीची खूण पुसली जाते. दोन लशींचा निर्णय दोन वेगळ्या फायलींत होतो आहे, कोंबडी मात्र एकच आहे.

फ्रान्सनं नुसती लस दिली नाही, दर आठवड्याला मेलेल्या बदकांचे स्वॅबही तपासले. तरी अमेरिकेनं तिथल्या पोल्ट्रीवर निर्बंध घातले. लस परवडते, पहारा महाग पडतो. आपल्याकडं हिशेब करताना पहिला आकडा मांडतात, दुसरा राहतो.

15 मार्च

कुणीतरी आज म्हणालं, एच-9 सौम्य आहे, त्याचं एवढं काय. 2019 मध्ये भारतातला माणसातला पहिला एच-9 एन-2 मेळघाटातल्या एका लहान मुलात सापडला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं तो ओळखला. मूल बरं झालं. तरीही विषाणू तिथवर पोचला होता.

5 एप्रिल

दिल्लीत काल बर्ड फ्लूवर बैठक झाली. जैवसुरक्षा काटेकोर, देखरेख वाढवणार, फार्मची नोंदणी सक्तीची. भोपाळच्या संस्थेची एच-9 लस वापरात आहे, तिचा परिणाम देशभर अभ्यासणार. एच-5 च्या लशीचा विचार शास्त्रीय तपासणीनंतर.

आज बसून टिपण तयार केलं. मुख्य मागणी एकच: लशीला परवानगी देताना तिच्याबरोबर ओळखण्याची पद्धतही मंजूर व्हावी, एकाच कागदावर. कोणती लस, तिनं रक्तात काय उमटेल, काय उमटणार नाही, कोणती चाचणी, कोणती प्रयोगशाळा, किती दिवसांनी. लस टोचून झाल्यावर प्रयोगशाळेत येऊन कुणी फरक सांगा म्हटलं, तर तो सांगता येत नाही. तो टोचण्याआधी ठेवावा लागतो.

7 एप्रिल

शिरूरहून फोन. तलंगांची नवी बॅच आली आहे, पुढच्या आठवड्यात एच-9 टोचायची आहे. वही या वेळी नवी घातली आहे: कंपनी, बॅच, तारीख, डोस, टोचणाऱ्याचं नाव. मालकांनी आपणहून सांगितलं. मी म्हटलं, तीस पक्षी बिनलशीचे ठेवू, दर शेडला. कड्या मी आणते, टोचणी सुरू व्हायच्या आधी येते, आधीचं रक्तही घेते.

‘ठेवू मॅडम. पण ते तीस मेले तर?’

एच-5 मुळं पक्षी मारावे लागले तर केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी भरपाई देतात. पहाऱ्यावर ठेवलेल्या आणि त्या कामात मेलेल्या पक्ष्याची भरपाई कुठल्याच रकान्यात बसत नाही. शनिवारचं टिपण अजून पाठवलं नव्हतं. त्यात हा मुद्दा घातला, पहिल्या पानावर, लशीच्या किमतीच्या लगेच खाली, आणि संध्याकाळच्या टपालानं पाठवून दिलं.